घड्याळ कोणाचे, सूर्य कोणाचा?

मंडळी, बदली होऊन गुवाहाटीत नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या सहा महिन्यांत तीन वाक्ये हमखास बोलतो. पहिले, "इथे पाऊस फार." दुसरे, "सगळ्यात मेले ते मोहरीचे तेल!" आणि तिसरे, जरा आवाज खाली आणून, "माणसे आळशी हो इथली. संध्याकाळी सातला बाजार सामसूम!" पहिल्या दोन वाक्यांशी माझे भांडण नाही. तिसऱ्याशी मात्र आहे, आणि ते मी गेली वीस-बावीस वर्षे ऑफिसात आणि मंडळाच्या सभांत चहाच्या कपाबरोबर भांडत आलो आहे. यंदा स्मरणिका समितीने "काहीतरी इतिहासावर लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा म्हटले, हे भांडण एकदा कागदावरच मांडून टाकू.

माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. रेल्वेतल्या माणसाला घड्याळाचे वेड असते, पण घड्याळ आले कोठून, हा प्रश्न त्यालाही सहसा पडत नाही. दहा वाजले म्हणजे दहा वाजले! सूर्य, चंद्र, भरती-ओहोटी यांच्यासारखीच घड्याळातली वेळही निसर्गानेच दिली आहे, असे आपण धरून चालतो. खरे तर आपल्या मनगटावरची ही वेळ माणसांनी ठरवलेली आहे. ती ठरली तेव्हा वाद झाले, ठराव झाले, दगडसुद्धा पडले. आणि गंमत म्हणजे ते दगड आपल्या मुंबईत पडले.

गावोगावची वेळ

आपल्या पूर्वजांचा दिवस सूर्योदयाला सुरू होई. दिवस-रात्र मिळून साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त असाच साधला जाई. 'घड्याळ' या शब्दातही ती 'घटी' बसलेली आहे. या पद्धतीत प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याची असे. पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे पुण्याचा मध्यान्ह मुंबईच्या ४ मिनिटे आधी आणि नागपूरचा सुमारे २५ मिनिटे, म्हणजे एक घटका आधी. पण यामुळे कोणाचे काही अडत नव्हते. पुण्याहून नागपूरला बैलगाडीने जाणाऱ्याला घटकाभराच्या फरकाचे काय सोयरसुतक असणार?

अडायला लागले ते आगगाडी आल्यावर. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हे आपण शाळेत पाठ केले. हे ३.३५ कोणाचे, हा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही, कारण गाडी मुंबईतून निघून ठाण्याला थांबली. पण १८७० साली जबलपूर-अलाहाबाद मार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि पंचाईत झाली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या सूर्यात तासाभराहून अधिक अंतर. मग वेळापत्रक छापायचे तरी कोणत्या वेळेने? तोड अशी निघाली की रेल्वेने मद्रासची वेळ पाळावी. मद्रास रेखांशाने साधारण मध्ये पडते, आणि १७९२ साली बांधलेली वेधशाळाही तिथे होती. तिच्याकडून तारायंत्राने वेळ मिळे. अशा रीतीने एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. स्टेशनात मद्रासची आणि स्टेशनाबाहेर गावाची.

हे सारे आपल्याकडेच झाले असे मात्र समजू नये. "शिस्त शिकावी ती साहेबाकडून" असे म्हणणाऱ्यांनी ब्रिस्टल शहराची हकीकत ऐकावी. इंग्लंडात रेल्वेने लंडनची, म्हणजे ग्रीनिचची वेळ लावायला घेतली, तेव्हा ब्रिस्टलचा सूर्य लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे होता. तिथल्या कॉर्न एक्स्चेंज इमारतीच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, एक ब्रिस्टलचा आणि एक लंडनचा! अख्ख्या ब्रिटनची वेळ कायद्याने एक झाली ती १८८० साली. ग्रीनिच हे शून्य रेखांश धरायचे, असे १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरले, तरी फ्रान्सने पॅरिसची वेळ १९११ पर्यंत सोडली नाही. आपल्या गावाची वेळ सोडताना माणसाला जड जाते, मग तो गिरगावातला असो की पॅरिसमधला.

मुंबईचे बंड

पुण्याच्या ज्या फर्ग्युसन कॉलेजचे नाव आपण अभिमानाने घेतो, ते ज्यांच्या नावाने निघाले ते सर जेम्स फर्ग्युसन १८८० ते १८८५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८८१ साली त्यांनी ठरवले की मुंबई शहरानेही रेल्वेसारखीच मद्रासची वेळ पाळावी. मुंबई खवळली. आमचा सूर्य इथला आणि घड्याळ मद्रासचे, हा कुठला न्याय? राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच, १८७८ साली, पुरा झाला होता. त्याच्या घड्याळात कोणती वेळ दाखवायची यावरही वाद माजला. शेवटी दोन-एक वर्षांतच सरकारला हा बेत गुंडाळावा लागला.

दुसरी फेरी झाली ती १९०६ साली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ साऱ्या हिंदुस्थानची प्रमाण वेळ म्हणून लागू केली. हा रेखांश उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातो, आणि ही वेळ ग्रीनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे आहे. रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेहून जेमतेम ९ मिनिटे पुढे सरकली, म्हणून तिथे फारसे काही वाटले नाही. पण मुंबईचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे ढकलायचे होते.

कचेरीतल्या साहेबाला ३९ मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. गिरणी कामगाराला मात्र ती फार होती. त्या काळी गिरणी उजाडता सुरू व्हायची आणि मावळता बंद व्हायची. त्यातच अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांना रात्रीचाही दिवस करता येऊ लागला. कामाच्या तासांवरून आधीच धुसफूस होती. अशा वेळी जानेवारीच्या थंडीत कोणी सांगितले की उद्यापासून भोंगा ३९ मिनिटे आधी, म्हणजे अंधारात, तर कामगाराने काय समजावे? जानेवारी १९०६ मध्ये काही कामगारांनी काम बंद पाडले, दगडफेक झाली. त्यांना खगोलशास्त्र कळत नव्हते म्हणून हे झाले, असे तेव्हाच्या शहाण्यांना वाटले असेल. मला वाटते, त्यांना हिशेब नीट कळला होता. घड्याळाचा काटा कोणाच्या हातात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

काळही तापलेला होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची लाट उठलेली. सरकारकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लोक संशयाने पाहत होते. मुंबई महापालिकेने १९०६ सालीच ठराव करून आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली. मग पुढची जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत 'बाँबे टाईम' आणि 'स्टँडर्ड टाईम' शेजारी शेजारी नांदल्या. पंचांगात वेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे दिसतात, ती या संसाराची खूण. कोणाला वेळ सांगायची तर कोणत्या घड्याळाची, हेही सांगावे लागे. कलकत्त्याचेही तसेच. तिथली वेळ प्रमाण वेळेच्या सुमारे २४ मिनिटे, म्हणजे जवळपास एक घटका पुढे होती.

इथे आपली एक नेहमीची समजूत तपासून पाहायला हवी. "इंग्रजांनी लादले आणि आपण मुकाट्याने घेतले" असे आपण अनेक गोष्टींबद्दल म्हणतो. इथे लादणे झाले, पण मुकाट्याने घेणे झाले नाही. उलट इंग्रजांचे राज्य होते तोवर मुंबई-कलकत्त्याने ती वेळ पूर्णपणे मानली नाही. कलकत्त्याने आपली वेळ सोडली १९४८ साली आणि मुंबईने १९५५ साली. म्हणजे राज्य आपले झाल्यावर! जी वेळ परक्यांची म्हणून नाकारली, तीच स्वतंत्र देशाच्या एकीची खूण म्हणून आनंदाने स्वीकारली. तिच्यामागचे गणित तेच राहिले होते. बदलले ते एवढेच, की ठरवणारे आता आपण होतो.

आणखी एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात प्रमाण वेळ एक तास पुढे केलेली होती. त्यामुळे १९४३ साली मुंबईत जन्मलेल्याची पत्रिका मांडणारे जाणते ज्योतिषी आधी विचारतात, जन्मवेळ कोणत्या घड्याळाची? पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, "जन्म अमुक वाजता" हे वाक्यसुद्धा वाटते तितके साधे नाही, एवढे त्यावरून कळते.

आता गुवाहाटीकडे

आपला देश कच्छपासून अरुणाचलापर्यंत सुमारे २९ रेखांश पसरला आहे. म्हणजे दोन टोकांच्या सूर्यात जवळजवळ दोन तासांचे अंतर, आणि घड्याळ एक. गुवाहाटीचा रेखांश ९१.७ अंशांच्या आसपास. इथला सूर्य प्रमाण वेळेच्या ३७ मिनिटे पुढे, आणि मुंबईचा ३९ मिनिटे मागे. दोहोंत सव्वा तासाचा फरक.

आता आकडे समोर ठेवून बघा. जून महिन्यात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईत सहाला. डिसेंबरात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईत सहाला. पहाटे उजान बाजारच्या घाटावर ब्रह्मपुत्रेची मासळी उतरते, गिऱ्हाईक जमते, घासाघीस होते, आणि आपण नवे आलेले लोक सात वाजता डोळे चोळत उठतो तेव्हा तिथली पहिली धांदल संपत आलेली असते. तो मासळीवाला डिसेंबरात संध्याकाळी सातला दुकान आवरतो, तेव्हा सूर्य मावळून अडीच तास झालेले असतात. सूर्यास्तापासून अडीच तास म्हणजे मुंबईत साडेआठ. मुंबईत साडेआठला दुकान बंद करणाऱ्याला आपण आळशी म्हणतो का? मग याला का म्हणायचे? इथला माणूस सूर्याच्या वेळेने चालतो आणि आपण त्याला मिर्झापूरच्या घड्याळाने मोजतो. मोजपट्टी चुकली की मापात घेतलेला माणूसही तोकडाच दिसायचा.

चहाच्या मळेवाल्यांनी मात्र ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. आसामच्या मळ्यांत 'बागान टाईम' चालतो, प्रमाण वेळेच्या एक तास पुढे. पाने खुडायचे काम उजेडाचे, म्हणून घड्याळच पुढे सरकवले. १९५१ च्या मळे-कामगार कायद्यातही अशी स्थानिक वेळ ठरवायला वाव ठेवलेला होता. मळ्याच्या फाटकाच्या आत एक वेळ आणि बाहेर दुसरी, अगदी जुन्या मुंबईतल्या स्टेशनासारखे!

त्याहून नवल नकाशात आहे. ढाका आपल्या पश्चिमेला पडते, तरी तिथले घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास. भूतान तर आपल्या डोक्यावरच, तेही अर्धा तास पुढे. म्हणजे पूर्वेला जावे तसे घड्याळ पुढे जाते, हा भूगोलाच्या पुस्तकातला नियम आपल्या गुवाहाटीत उलटा पडतो. कारण देशांच्या सीमा रेखांश पाहून आखलेल्या नाहीत.

मग दोन वेळा कराव्यात का?

ही मागणी जुनी आहे. जानेवारी २०१४ मध्ये आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी बागान टाईम राज्यभर लावण्याची गोष्ट काढली होती. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे जिथली आण्विक घड्याळे देशाची प्रमाण वेळ सांभाळतात तिथल्याच मंडळींनी, आसाम-बंगालच्या सीमेवर वेळेची रेषा आखून दोन वेळा करता येतील, असे मांडले. देशाचे घड्याळ एकच ठेवून ते अर्धा तास पुढे सरकवावे, असेही काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. अजून तरी एकच वेळ चालू आहे.

रेल्वेवाला म्हणून विचाराल, तर दोन वेळांच्या सीमेवर गाडी चालवणे हे माझ्या पोटात गोळा आणणारे काम आहे. एकेरी मार्गावर एका स्टेशन मास्तरने घड्याळात एक तासाची गफलत केली तर काय होईल, हे मी सांगायला नको. आमच्या भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही सीमारेषा निवडताना रेल्वेचा विचार मुद्दाम केला होता. चीनने १९४९ नंतर त्या अवाढव्य देशाला एकच वेळ दिली, आणि रशियासारखे देश अनेक वेळा सांभाळतात. दोन्ही प्रकारे देश चालतात. तेव्हा "दोन वेळा केल्या तर देश फुटेल" हे जितके घाईचे, तितकेच "दोन वेळा केल्या की ईशान्येचे प्रश्न सुटतील" हेही घाईचेच.

पण एक गोष्ट दोन्हीकडच्यांनी ध्यानात घ्यावी. एका वेळेचा तोटा फक्त पूर्वेला होतो असेही नाही. भारतातल्या मुलांच्या झोपेवर एका अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २०१९ साली चर्चेत आला होता. सूर्य जिथे उशिरा मावळतो तिथे मुले उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा घड्याळाप्रमाणेच होते, म्हणून त्यांची झोप कमी पडते आणि अभ्यासावर परिणाम होतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे हा फटका पश्चिमेला, आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या मुलांना! इथे सकाळचा उजेड वाया जातो, तिथे सकाळची झोप. आणि शाळेची, कचेरीची वेळ बदलायला संसदेत कायदा करावा लागत नाही. देशाचे घड्याळ एक ठेवूनही इथली शाळा साडेसातला आणि तिथली साडेआठला भरू शकते. "कचेरी म्हणजे दहा ते पाच" हीसुद्धा कोणीतरी घालून दिलेली सवयच आहे ना?

बाप्पाचा मध्यान्ह

शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. श्रीगणेशाची स्थापना मध्यान्हकाळी करावी, असे शास्त्र सांगते. सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाचे पाच सारखे भाग करायचे, त्यातला तिसरा तो मध्यान्ह. आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात मुंबईहून आलेली मराठी दिनदर्शिका टांगलेली असते, आणि तिच्यातला सूर्योदय मुंबईचा असतो. भाद्रपदात मुंबईत हा मध्यान्हकाळ साधारण ११.२५ ते १.५० पर्यंत येतो. गुवाहाटीत तो साधारण १०.१० ते १२.३५ असा येतो. दर वर्षी त्यात पाच-दहा मिनिटांचा इकडेतिकडे फरक. आता मुंबईची वेळ पाहून इथे दीड वाजता स्थापना केली, तर आपल्या सूर्याच्या हिशेबाने मध्यान्ह टळून गेलेला असतो! संकष्टीचेही तेच. इथला चंद्र मुंबईच्या चंद्रापेक्षा तासाभराहून आधी उगवतो. दिनदर्शिकेत पाहून मुंबईच्या चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या माउल्या खिडकीबाहेर चंद्र वर आलेला असताना उपाशी बसतात.

शेजारच्या असमिया घरात इथली पंजिका असते. बाजारातल्या मशिदीत नमाजाच्या वेळांचा तक्ता गुवाहाटीचा असतो. चहामळ्यात बागान टाईम असतो. आपणच तेवढे मुंबईचा सूर्य ट्रंकेत घालून आणला आहे!

मी काही शास्त्री नाही, आणि बाप्पा घड्याळ बघून प्रसन्न होतो असेही मला वाटत नाही. पण जे पाळायचे ते समजून पाळावे, एवढे म्हणेन. म्हणून आपल्या कार्यकारिणीला एक सूचना. पुढच्या वर्षापासून कार्यक्रमपत्रिकेवर स्थापनेची वेळ गुवाहाटीच्या सूर्योदयावरून काढून छापावी, आणि सोबत वर्षभराच्या संकष्ट्यांचे इथले चंद्रोदय द्यावेत. हिशेब मी करून देईन, एका संध्याकाळचे काम आहे. आणि नव्याने बदलून आलेल्या मंडळींच्या स्वागताच्या वेळी, मोहरीच्या तेलाबद्दल दोन शब्द सांगतो तसे, इथल्या सूर्याबद्दलही चार शब्द सांगावेत. म्हणजे सातला बाजार बंद झालेला पाहून "आळशी" हा शब्द ओठावर येण्याआधी तो माणूस क्षणभर थांबेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून उजान बाजारात जाऊन येईल.

गणपती बाप्पा मोरया!